चालते दफ्तर

मेमरी वाढवली तर कॉम्प्युटर वेगात चालेल का? रायपूरच्या संगणक-दुकानांत गेली तीस वर्षे हा प्रश्न विचारला जात आहे. विचारणारा भाताच्या गिरणीतला मुनीम असो, कॉलेजातला विद्यार्थी असो किंवा तात्यापाऱ्यातले एखादे निवृत्त मराठी गृहस्थ असोत; प्रश्न हिंदीत येतो आणि उत्तरही हिंदीत, एका शब्दात मिळते: ‘बिल्कुल.’ मी या शहरात पंचवीस वर्षे संगणकशास्त्र शिकवले. त्या ‘बिल्कुल’मध्ये अर्धे सत्य आहे, हे दर वर्षी नव्या मुलांना सांगावे लागे. उरलेल्या अर्ध्या सत्याला सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात मँचेस्टर आहे तशी मुंबई आहे, पुणे आहे, आणि थोडेसे आमचे रायपूरही आहे. मराठीचे संगणकावर येणे तर त्याच्याशी फारच जवळून बांधलेले आहे.

यंत्रांकडे जाण्याआधी एक जुनी कचेरी पाहू. पेशव्यांच्या पुण्यात हुजूर दफ्तर होते. त्याचे अनेक भाग होते. त्यांतले दोन मोठे म्हणजे चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालते दफ्तर फडणिसांच्या थेट देखरेखीखाली असे, तिथे रोजचे काम चाले. एकबेरीज दफ्तरात निरनिराळ्या खात्यांचे हिशेब येऊन वर्गवार लागत. ज्या कागदांना आज हात लागणार ते एकीकडे आणि जे जपून ठेवायचे ते दुसरीकडे, ही वाटणी कोणत्याही मोठ्या कारभाराला करावीच लागते. फडकर्‍यांच्या बैठकीवर सगळे राज्य पसरता येत नाही.

छत्तीसगढात मराठी अंमल आला तो नागपूरकर भोसल्यांबरोबर. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले रतनपुरात राहून इथला कारभार पाहत होते, आणि त्यांच्याच काळात मराठी भाषा व मोडी लिपी इथल्या राजकारभारात रुळली. त्यांच्यानंतर सुभेदार आले. परगण्यांत कमाविसदार आणि फडणवीस बसू लागले, पण शेवटचा शब्द नागपूरचा. १८१८ मध्ये इंग्रजांची देखरेख आली आणि मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरात हलले. नागपूर ते रायपूर हे अंतर आजच्या रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर आहे. आता मनाशी असा एक कारकून आणा, की ज्याच्यासमोर रायपूर परगण्याचे चार रुमाल सोडलेले आहेत आणि पाचवा रुमाल नागपुरात आहे. चार रुमालांत उत्तर असेल तर तो घटकाभरात देईल. नसेल तर जासूद निघेल, आणि जासूद परत येईपर्यंत कारकून बोरू हातात धरून बसून राहील. त्याच्या लिहिण्याच्या गतीचा इथे काही संबंध उरत नाही.

संगणकाच्या आत हीच मांडणी आहे. कारकून म्हणजे प्रोसेसर. त्याच्यासमोरची बैठक म्हणजे रॅम. रुमालांनी भरलेला दफ्तरखाना म्हणजे हार्ड डिस्क. बैठक मोठी केल्याने कारकुनाचा हात भरभर चालत नाही; त्याची वाट पाहण्याची पाळी कमी वेळा येते, एवढेच. पण हे ‘एवढेच’ किती मोठे आहे, ते आकड्यांत पाहावे. रॅममधली एखादी नोंद प्रोसेसरपर्यंत यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात असे धरू. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून ती आणायला १० मिलिसेकंद, म्हणजे लाख पट. माणसाच्या मापात सांगायचे तर समोरचा कागद उचलायला एक सेकंद लागत असेल, तर दफ्तरखान्यातला कागद यायला जवळजवळ २८ तास लागतील. नव्या धर्तीची एसएसडी असेल तर साधारण पाऊण तासाच्या आतबाहेर नव्हे, १५-२० मिनिटांतच काम होईल. तरीही एक सेकंद तो एक सेकंद.

हे अंतर पहिल्यापासून होते, फक्त त्याचे रूप वेगळे होते. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९५०च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडहून एचईसी-२एम हा संगणक आला. भारतातला तो पहिला अंकीय संगणक. त्याची स्मृती म्हणजे एक फिरता चुंबकी ढोल होता आणि त्यावर १०२४ शब्द मावत. इथे ‘शब्द’ म्हणजे भाषेतला शब्द नव्हे, तर यंत्र एका वेळी हाताळते ती ठरावीक लांबीची संख्या. ढोलावरची हवी ती नोंद वाचण्याच्या टोकाखाली येईपर्यंत ढोल फिरू द्यावा लागे. रहाटगाडग्याचे भरलेले पोहरे वर येण्याची वाट पाहण्यासारखेच ते. म्हणून तेव्हाचे कुशल प्रोग्रामर पुढची आज्ञा ढोलावर कुठे लिहिली तर ती वेळेवर टोकाखाली येईल, याचाही हिशेब करत.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या तरुणांनी आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र बांधले आणि मग पूर्ण आकाराचा संगणक. तो १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक असा त्याचा संसार होता. त्याची स्मृती मात्र ढोलाची नव्हती, फेराइटच्या कड्यांची होती. मण्यांएवढी बारीक कडी, त्यांतून ओवलेल्या तारा. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर एक, उलट दिशेने झाले तर शून्य. फिरण्याची भानगडच नाही, त्यामुळे कुठल्याही नोंदीसाठी सारखाच आणि अगदी थोडा वेळ. ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे एकूण ८१,९२० कडी.

हे आजच्या मापात किती? १०,२४० बाइट, म्हणजे १० किलोबाइट. आजच्या पद्धतीने देवनागरीचे एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. टिफ्रॅकची सगळी स्मृती रिकामी करून दिली असती, तरी त्यात मराठी मजकुराची जेमतेम दोन-तीन छापील पाने मावली असती. तुम्ही वाचत आहात तो लेख एका टिफ्रॅकमध्ये मावत नाही; त्यासाठी चार-पाच टिफ्रॅक लागतील. तरीही त्या यंत्रावर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खरी गणिते सोडवली. मोठे गणित असेल तर त्याचे तुकडे करायचे, एक तुकडा स्मृतीत आणायचा, त्याचे उत्तर बाजूला ठेवायचे, दुसरा तुकडा आणायचा, असा त्या काळातला सर्वत्र रिवाज होता. कोणता कागद केव्हा बैठकीवर यावा आणि केव्हा परत जावा, हे ठरवणारा फडणीस म्हणजे खुद्द प्रोग्रामर होता.

हे काम यंत्रावर सोपवण्याची कल्पना मँचेस्टरमधून आली. तिथल्या विद्यापीठात टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांनी बांधलेला ॲटलस संगणक १९६२ मध्ये सुरू झाला. त्याच्यापाशी कड्यांची स्मृती १६ हजार शब्दांची होती आणि ढोल ९६ हजार शब्दांचा. ॲटलसने प्रोग्रामरला असे भासवले की, सगळी मिळून एकच सलग स्मृती आहे. आत मात्र त्याने मजकुराची ५१२ शब्दांची पाने पाडली होती. हवे ते पान कड्यांत असेल तर उत्तम. नसेल तर यंत्र स्वतःच ते ढोलावरून आणी आणि जागा करण्यासाठी दुसरे एखादे पान परत पाठवी. यालाच पुढे ‘आभासी स्मृती’ म्हणू लागले. आजचा आपला प्रत्येक लॅपटॉप आणि फोन याच तत्त्वावर चालतो.

सोय मोठी झाली, पण तिच्यातून एक नवा आजार निघाला. एकाच यंत्रावर अनेकांची कामे एकाच वेळी चालवू लागल्यावर असे दिसले की, काही मर्यादेपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि मग एकाएकी यंत्र जवळजवळ थांबते. बंद पडत नाही; उलट सारखे धावत असते. एका कामासाठी पान आणायचे तर दुसऱ्याचे पान बाहेर काढावे लागते, आणि क्षणात त्या दुसऱ्याला तेच पान हवे असते. कारकून लिहीतच नाही, नुसते रुमाल सोडतो आणि बांधतो. इंग्रजीत याला थ्रॅशिंग म्हणतात. मी वर्गात ‘येरझारा’ म्हणत असे, आणि छत्तीसगढी मुलांनाही तो शब्द आवडे.

या आजाराचे निदान पीटर डेनिंग या अमेरिकी संशोधकाने १९६८ मध्ये केले. त्याचे म्हणणे साधे होते. कोणतेही काम आपल्या सगळ्या पानांना सारखा हात लावत नाही. थोड्या अवधीत पाहिले तर त्याचा वावर काही थोड्याच पानांत असतो. त्या पानांचा संच काळाप्रमाणे हळूहळू बदलत जातो. हा संच बैठकीवर मावला की काम सुरळीत चालते. तो मावला नाही की येरझारा सुरू होतात. डेनिंगने या संचाला इंग्रजी नाव दिले ‘वर्किंग सेट’. पुण्याच्या फडणिसांना विचारले असते, तर त्यांनी ‘म्हणजे चालते दफ्तर’ असे सांगितले असते.

दुकानातल्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. चालते दफ्तर बैठकीवर मावत नसेल, तर थोडी स्मृती वाढवल्यानेही यंत्राचा कायापालट होतो. ते आधीच मावत असेल, तर स्मृती दुप्पट केली तरी फारसा फरक पडत नाही. नव्या बैठकीचा अर्धा भाग मोकळा राहतो, एवढेच. म्हणजे फायदा हळूहळू चढत जात नाही. एका उंबरठ्याशी एकदम मिळतो आणि पुढे जवळजवळ सपाट होतो.

मला हा उंबरठा कानाने कळला. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर विंडोज ९५ आले तेव्हा त्याची किमान गरज ४ मेगाबाइट स्मृतीची होती आणि शिफारस ८ मेगाबाइटची. रायपुरात तेव्हा चारवालीच यंत्रे जास्त, कारण स्मृती महाग होती. चार मेगाबाइटच्या यंत्रावर एक पत्र उघडून दुसरीकडे तक्ता उघडला की, डिस्कची खरखर सुरू होई आणि थांबतच नसे. पडद्यावरची वाळूची घड्याळ-खूण दिसे, पण खरी बातमी त्या आवाजात होती: आत येरझारा चालल्या आहेत. पट्ट्या घालून १६ मेगाबाइट केले की तीच खोली शांत होई. ३२ केल्यावर मात्र मुले कान देऊन बसली तरी त्यांना काही वेगळे ऐकू येत नसे. डेनिंगचा सिद्धान्त शिकवण्यासाठी मला त्याहून चांगले साधन नंतर मिळाले नाही. आताच्या एसएसडीला आवाजच नाही, त्यामुळे यंत्र का अडले आहे ते माणसाला कळायची ती एक खूण गेली.

स्मृती वाढवून यंत्र चक्क मंदावले, असेही घडले आहे. १९६९ मध्ये लास्लो बेलाडी आणि त्याच्या दोन आयबीएम-सहकाऱ्यांनी ते कागदावर सिद्ध करून दाखवले. वाचकांना ते घरी करून पाहता येईल. बैठकीवर तीन रुमालांची जागा आहे आणि नियम असा की, जागा हवी असली तर सर्वांत आधी आलेला रुमाल परत पाठवायचा. कारकुनाला रुमाल या क्रमाने हवे आहेत: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. मोजले तर दफ्तरखान्यात नऊ खेपा होतात. आता बैठक वाढवून चार रुमालांची करा, नियम तोच ठेवा आणि पुन्हा मोजा. खेपा दहा होतात. जागा वाढली आणि येरझाराही वाढल्या. दोष जागेचा नाही, नियमाचा आहे. ‘आधी आला तो आधी गेला’ हा नियम रुमाल उपयोगी आहे की नाही हे पाहतच नाही. त्याऐवजी ‘ज्याला सर्वांत जास्त काळ हात लागला नाही तो परत’ असा नियम केला, तर जागा वाढवून खेपा वाढण्याचा प्रकार कधीच होत नाही. म्हणून जागेइतकेच महत्त्व विसरण्याच्या रीतीला आहे.

दुसरे उदाहरण कागदावरचे नाही, आमच्या टेबलावरचे. प्रोसेसरच्या अगदी जवळ कॅश नावाची छोटी आणि फार वेगवान स्मृती असते. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस ज्या अक्षरांचे काम जास्त ती घरे हाताशी ठेवतो, तसेच तिचे. १९९७च्या सुमाराच्या पेंटियम यंत्रांत इंटेलचा ४३० टीएक्स हा चिपसेट सर्रास असे. त्याच्या बाबतीत मदरबोर्डवरची कॅश पहिल्या ६४ मेगाबाइटपुरतीच उपयोगी पडे. त्यापुढची स्मृती घातली तर चाले, पण तिला त्या कॅशचा आधार नसे. ६४चे १२८ करून यंत्र किंचित मंद झाल्याची तक्रार घेऊन लोक येत आणि दुकानदार त्यांना वेड्यात काढत. लोकांचे बरोबर होते. पुढे ३२ बिटांच्या यंत्रांना आणखी एक भिंत लागली. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते लिहिता येतात, म्हणजे ४ गिगाबाइट. त्यांतलेही काही पत्ते ग्राफिक कार्ड आणि इतर भागांसाठी राखून ठेवलेले. चार गिगाबाइटचे पैसे मोजून पडद्यावर सव्वातीन पाहणारे किती तरी जण मला भेटले. घर बांधले, पण त्याला पत्ताच नाही, अशातला प्रकार.

आतापर्यंत सांगितले ते कुठल्याही भाषेच्या माणसाला लागू आहे. मराठीची गोष्ट इथून थोडी वेगळी होते.

आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ मध्ये आला तेव्हा त्याच्या रंगीत ग्राफिक कार्डाच्या जोडीला अक्षरांचा जो कायमचा साठा होता, त्यात प्रत्येक अक्षराला ८ बाय ८ बिंदूंची चौकट होती. एका अक्षराला ८ बाइट, २५६ अक्षरांना २,०४८ बाइट. रोमन लिपीचा सगळा संसार दोन किलोबाइटांत. देवनागरीला हे पुरणार कसे? शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार; खाली उकार आणि पायमोडके; मध्ये जोडाक्षरांची गर्दी. वाचता येईल असे अक्षर काढायला १६ बाय १६ची चौकट तरी हवी, म्हणजे आकारामागे ३२ बाइट. असे पाचशे आकार धरले तर १६,००० बाइट, टिफ्रॅकच्या अख्ख्या स्मृतीच्या दीडपट. शिवाय कोणत्या दोन अक्षरांचा जोड कसा दिसतो, त्या नियमांना जागा वेगळी. इंग्रजी लिहिणाऱ्याला स्मृती वाढवली की काम लवकर होते का, एवढाच प्रश्न होता. मराठी लिहिणाऱ्याला ती असल्याशिवाय काम सुरूच होत नव्हते.

याचे उत्तर जिस्ट कार्डाच्या रूपाने मिळाले. त्याचे मूळ संशोधन आयआयटी कानपूरचे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम तिथे पुढे नेले. भारतीय लिप्यांची अक्षरे आणि ती जोडण्याची विद्या घेऊन हे कार्ड यंत्राच्या खाचेत बसे, आणि मग डॉसवर चालणारे नेहमीचे इंग्रजी प्रोग्रामही देवनागरीत मजकूर घेऊ व दाखवू लागत. मूळ यंत्राच्या बैठकीवर आपल्याला जागा नव्हती. म्हणून आपण आपली बैठक बरोबर घेऊन गेलो. त्याच पुण्याच्या संस्थेत विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. लोकांना तो लक्षात राहिला, ते साहजिकच आहे. तहसिलीत, छापखान्यात आणि बँकेत मराठी-हिंदी मजकूर पडद्यावर आणण्याचे काम मात्र त्या लहान कार्डाने केले.

त्या काळात जागेची काटकसर लिपीच्या संकेतांतही होती. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेल्या इस्की संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एकच बाइट लागे. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि पुढच्या वर्षी केन थॉम्सन व रॉब पाइक यांनी युटीएफ-८ ही लिहिण्याची रीत काढली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि देवनागरीच्या चिन्हाला तीन. म्हणजे ‘घर’ लिहायला सहा बाइट. १९९१ मधल्या एखाद्या कचेरीला हे तिप्पट भाडे परवडले नसते. आज ते कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण स्मृती अतोनात स्वस्त झाली. मराठी आज फोनवर सहज लिहिता येते, त्यामागे भाषाप्रेम आहे, अभियंत्यांची मेहनत आहे, आणि चिपच्या उतरत गेलेल्या किमतीही आहेत. कुठल्याही भाषिक चळवळीच्या इतिहासात या तिसऱ्या कारणाला दोन ओळी मिळत नाहीत, म्हणून ते इथे नोंदवून ठेवते.

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले आणि रायपूर राजधानी बनले. नव्या राज्याने संगणकाचा जो सर्वांत मोठा खटाटोप केला तो भाताचा. २००७च्या खरीप हंगामापासून सरकारी धानखरेदीचे काम संगणकावर आले. दीड हजारांहून अधिक खरेदी केंद्रांवर यंत्रे बसली. शेतकऱ्याचे धान मोजले की त्याची नोंद तिथेच व्हायची आणि धनादेशही तिथेच छापून मिळायचा. अनेक केंद्रांना तेव्हा इंटरनेटची जोडणी नव्हती. तिथली दिवसाची नोंद मोटारसायकलवरून पुढच्या ठिकाणी नेली जाई. माझ्या मुलांना मी हे उदाहरण मुद्दाम देत असे. अशा केंद्रावरच्या यंत्रात स्मृती दुप्पट केली तर रायपूरला बातमी लवकर पोचेल का? नाही पोचणार. अडथळा रस्त्याचा आहे. स्मृती वाढवून फक्त तोच विलंब कमी होतो, जो स्मृतीच्या तोकडेपणामुळे झालेला असतो. हे सूत्र मुले लगेच पाठ करत. पण दुकानात जाऊन ते वापरायचे धैर्य थोड्यांनाच होई, कारण नवी पट्टी घालणे हे काहीतरी केल्याचे समाधान असते.

हा प्रश्न हौसेचा नाही, पैशाचा आहे. जुन्या यंत्रात पुरेशी स्मृती घातली तर ते आणखी चार वर्षे चालते. गिरणीतल्या मुनिमाला, आश्रमशाळेतल्या शिक्षकाला या चार वर्षांची किंमत कळते. उलट, रोग वेगळाच असताना घातलेली स्मृती हा वाया गेलेला पगार आहे. म्हणून मी सांगत आले की, आधी आत डोकावून पाहा. यंत्र मंदावलेले असताना स्मृती भरलेली आणि डिस्क सतत धावत असेल, तर खुशाल वाढवा. स्मृती अर्धी मोकळी असेल तर पैसे खिशात राहू द्या. एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात.

आणि तरी बैठक कितीही वाढवली, काय हाताशी ठेवायचे हा प्रश्न उरतोच. पेशवे दफ्तराचे रुमाल पुण्याच्या पुरालेखागारात आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांतून निवडून ४५ खंड काढले. कोणी तरी निवड करून पुढे आणले म्हणून ते कागद पुन्हा चालत्या दफ्तरात आले. बाकीचे सुरक्षित आहेत, पण त्यांच्यापर्यंत जायला मोडी वाचणारा माणूस हवा. आम्हा रायपूरकरांच्या मराठीचे काहीसे असेच झाले आहे. ती हरवलेली नाही. गणपतीच्या आरतीत आहे, लग्नाच्या याद्यांत आहे, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत आहे. पण दिवसभर ज्या शब्दांना हात लागतो ते हिंदीचे आणि छत्तीसगढीचे. माझ्या भाचीला मराठी येते. ‘उंबरठा’ म्हणायचे असले की मात्र ती क्षणभर थांबते, ‘चौखट’ म्हणते आणि मग दुरुस्त करते. त्या क्षणात शब्द लांबून येत असतो. तिच्या फोनमध्ये आठ गिगाबाइट स्मृती आहे, म्हणजे टिफ्रॅकच्या आठ लाख पटींहून जास्त, आणि ‘उंबरठा’ला त्यातले लागतात १८ बाइट. जागेचा प्रश्न केव्हाच सुटला. आता तो शब्द दिवसातून किती वेळा लागतो, एवढेच पाहायचे राहिले आहे.